पितळी हुकांचा ट्रॅक्टर

आमच्या भंगाराच्या आवारात कुठल्याही वस्तूला आग लावायची ती वहिनीने खूण केल्यावरच. खडूचा गोल असला तर खुशाल कापा, फुली असली तर हातसुद्धा लावू नका. हा नियम कुणी पाटीवर लिहून टांगलेला नाही. पण माझा दादा, जो गॅसचा कटर हातात घेतल्यावर सख्ख्या आईचं ऐकत नाही, तोसुद्धा गोल दिसल्याशिवाय काडी ओढत नसे. कापणारा तोच, त्यामुळे जीवही त्याचाच टांगणीला. तो जीव त्याने बायकोच्या खडूवर सोपवला होता आणि वर निवांत शीळ वाजवत काम करायचा.

वहिनी शिंप्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिला लोखंड आणि ओतीव बीड यातला फरक कळत नव्हता. मी तिची भरपूर टिंगल केली. "वहिनी, हा गर्डर बघ गं, कमरेत घट्ट होतोय का?" असले माझे विनोद. ती उलट बोलायची नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्या शर्टाची गुंडी तुटलेली असली तर तशीच तुटकी राहायची.

त्या वर्षी आमच्याकडे कापायला एक वयस्क मिस्त्री होते. बाबांच्या वेळचे. एका सकाळी वहिनीने त्यांना चहा नेऊन दिला, रिकामा कप घेऊन ती वळली, आणि मागे ड्रम फुटला. रिकामाच ड्रम होता तो. आत थिनरचा नुसता वास उरला होता, आणि तेवढा पुरे झाला. मिस्त्री घरी गेले नाहीत. कपाची कडी वहिनीच्या बोटात अडकलेली होती, कप कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही.

त्यानंतर ती रोज आवारात यायला लागली. कुणी बोलावलं नव्हतं. आलेल्या प्रत्येक वस्तूसमोर उकिडवी बसायची, नाक लावायची, नख लावून खरवडायची, आणि एकच प्रश्न विचारायची, "ह्याच्या पोटात काय असायचं?" ड्रम असो, टाकी असो, जुनं कपाट असो, प्रश्न तोच. आम्हाला सांगता आलं नाही तर विकणाऱ्याला गाठायची, त्याच्या आधीच्या मालकाला गाठायची. आणि खात्री पटली की माहेराहून आणलेल्या शिंप्याच्या चपट्या खडूने खूण. बाजारात तिला खडूवहिनी म्हणायला लागले. आधी चेष्टेने, मग कामापुरते, आणि शेवटी दुसऱ्या आवारातले लोकही त्यांच्या टाक्या दाखवायला तिला घेऊन जाऊ लागले. इतक्या वर्षांत तिचा एक गोल चुकला नव्हता.

तो ट्रॅक्टर आमच्याकडे आणला एका दातांच्या डॉक्टरांनी. दवाखाना बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली होती, आणि आता त्यांना जुन्या ट्रॅक्टरांचं वेड लागलं होतं. भला माणूस. मशीनकडे बघतानाही आधी तोंड उघडायला सांगतील असं वाटायचं. इंजिनाच्या ओतकामावरचा झिजलेला आकडा त्यांनी टॉर्च मारून वाचला आणि कुठल्या कंपनीचा, कुठल्या काळातला, किती ताकदीचा, सगळं घडाघडा सांगितलं. त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

"ट्रॅक्टर कळला," ते म्हणाले, "पण ह्याच्या अंगावर हे जे काय केलंय ना, ते मला कळत नाही. आणि कळून करायचंय काय? मला तो कारखान्यातून निघाला तसा हवाय. हे सगळं उपटून काढा."

उपटण्यासारखं पुष्कळ होतं. सायलेन्सर वर जायच्या ऐवजी खाली वळवून पाण्याच्या एका डब्यात सोडला होता, डब्याच्या तोंडाला बारीक जाळी. मागे ट्रॉली अडकवायचे हुक पितळेचे. पुढच्या लोखंडी पट्ट्यांवर तांब्याचा पत्रा चढवलेला. दिवे नाहीत, दिव्यांची वायरही नाही. पोटाखालून एक साखळी जमिनीवर लोळत होती. पेडलला कातडं शिवलेलं. आणि नाकासमोर, इंजिनाच्या पुढे, गुडघ्याएवढी उंच एक पेटी. बाहेरून पत्रा, आतून गुळगुळीत लाकूड, झाकणाच्या कडेला पुन्हा कातडं. पेटीच्या पट्ट्या चॅसीला रिव्हेटने ठोकलेल्या, गंजून एकजीव झालेल्या. कापल्याशिवाय ती निघणं शक्य नव्हतं.

दादाने आपलं काम चोख केलं. डिझेलची टाकी उतरवली, धुतली, पाणी भरून बाजूला ठेवली. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. "ट्रॅक्टरच आहे," तो म्हणाला. "ड्रम नाही काही."

"तरी बघू दे," वहिनी म्हणाली.

सकाळ तिने त्या ट्रॅक्टरपाशी घालवली. मी रेडिएटर काढला, तिने कोपरे तपासले. पेटीत डोकं घालून हुंगलं. जुन्या लाकडाचा वास, बाकी काही नाही. मग तिने बोनेटच्या सांध्यातून, रिव्हेटच्या कडेतून, ग्रीसमध्ये चिकटलेले पांढरे तंतू नखाने ओढून काढले आणि तळहातावर पसरले. शिंप्याच्या मुलीला कापूस ओळखायला वेळ लागतो का?

"कापसाची गिरणी," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. कोडं सुटलं की तिचा चेहरा असा व्हायचा. "ठिणगी पडली तर कापूस पेटेल, म्हणून सायलेन्सर पाण्यात. दिवे नाहीत ते त्याचसाठी. पेटीत खाली सांडलेला कापूस भरून नेत असतील."

"आणि पितळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"गिरणीत हवा ओली ठेवतात. लोखंड गंजलं असतं."

"साखळी?"

"कापसाच्या धुळीत वीज साचते, ती जमिनीत उतरायला."

"पेडलला कातडं कशाला असेल हो?"

"पाय घसरू नये म्हणून."

प्रत्येक प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर तयार होतं. डॉक्टरांनी खुश होऊन टाळी वाजवली. मीही बाजूला उभा राहून मान डोलावत होतो, हे कबूल करायला मला लाज नाही. उत्तरं होतीच तशी पटणारी. वहिनीने पेटीच्या पत्र्यावर खडूने ठळक गोल काढला.

डॉक्टर गेले. संध्याकाळी ट्रॅक्टर न्यायला येणार होते. दादा आवारातच डबा खाऊन बसला होता. "तुम्ही जेवून या," तो म्हणाला. "मी पट्ट्या कापून टाकतो. चांगला उजेड आहे." मी आणि वहिनी दोन गल्ल्या ओलांडून घरी आलो.

घरी आईचा पारा चढला होता. तिच्या कॉटशेजारचा टेबलफॅन फिरत होता, वारा मात्र येत नव्हता. "पंखा आहे की शोभेची वस्तू?" आई म्हणाली. "माझं मेलीचं ऐकतं कोण! एवढं लोखंड कापता रोज, घरातला पंखा पुसायला कुणाला सवड नाही."

"पुसतो गं बाई," म्हणून मी पंखा बंद केला आणि पुढची जाळी काढली. जाळीला मऊ राखी रंगाचा जाड थर बसला होता. चादरींचा, कपड्यांचा, सगळ्या घराचा भुगा. मी तो बोटाने गुंडाळून काढला आणि वहिनीला दाखवला. "घे वहिनी, ही पण कापसाची गिरणी. काढ गोल."

वहिनी हसली नाही. तिच्या हातात वाढायचा डाव होता. ती त्या भुग्याकडे बघत राहिली.

"ट्रॅक्टरचा रेडिएटर कसा होता रे?" तिने विचारलं.

"कसा म्हणजे?"

"सकाळी तूच काढलास ना? त्याच्या पात्यांमध्ये काय होतं?"

"काही नव्हतं. स्वच्छ होता. थोडी माती—"

बोलता बोलता माझीही जीभ अडखळली, पण का अडखळली ते मला कळायच्या आत वहिनीने डाव ताटात टाकला आणि ती दाराबाहेर पडलीसुद्धा. चपला दारातच राहिल्या. आई मागून ओरडत होती, "अगं, जेवण टाकून कुठे निघालात दोघं?"

मी दादाला फोन लावला. फोन वाजत राहिला. कापताना तो फोन ऑफिसात खुंटीवरच्या कोटात ठेवतो, हेही वहिनीनेच लावलेलं वळण. मी पळत सुटलो आणि गल्लीच्या तोंडाशी तिला गाठलं. ती धावता धावता तुटक तुटक बोलत होती. मला सांगत होती की स्वतःला बजावत होती, कोण जाणे.

"हवेत कापूस असता तर आधी रेडिएटर बुजला असता. पंखा आत खेचतो ना हवा... तंतू फक्त सांध्यांत होते. चिंधी अडकते तिथे. कुणीतरी तो पुसत होतं. रोज पुसत होतं, कोपरा न् कोपरा."

"मग पुसू दे की! पुसला तर काय बिघडलं?"

"ट्रॅक्टर इतका कोण पुसतं? आणि कशासाठी? अरे, पितळ गंजासाठी नव्हतं. लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून होतं. बुटाचा खिळा पेडलवर घासू नये म्हणून कातडं. नुसत्या आगीची भीती नव्हती रे त्यांना. साध्या घासण्याचीही भीती होती." ती दम घ्यायला थांबली नाही. "आणि पेटीच्या लाकडामागे काय आहे ते मी बघितलंच नाही. मी गोल काढला."

मी जिवाच्या आकांताने पळत होतो आणि तरी रस्ता सरत नव्हता. शेजारच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालू होती, तिचा कर्कश आवाज साऱ्या गल्लीत भरला होता. आणि त्या आवाजाखाली कटरचा तो फुत्कार मला ऐकू आला. म्हणजे दादाने सुरुवात केली होती.

फाटक आतून बंद होतं. कापायचं काम चालू असताना कुणी आत येऊन ठिणग्यांत सापडू नये म्हणून आडवा दांडा घालायचा, हाही वहिनीचाच नियम. तिने घेतलेली प्रत्येक काळजी त्या दुपारी आमच्या वाटेत आडवी आली होती. फाटक खाली पत्र्याचं, वर दाट गजांचं; हात आत जात नव्हता, पण गजांमधून सगळं दिसत होतं. शेडखाली दादाची पाठ, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात निळी-पांढरी ज्योत. ट्रॅक्टरच्या नाकाशी तो वाकला होता आणि पिवळ्या ठिणग्यांचा पाऊस पेटीच्या झाकणावर पडत होता.

मी ओरडलो. घसा फाटेस्तोवर ओरडलो. दादाचे कान वर्षानुवर्षं घण ऐकून अधू झालेले, त्यात कटर, त्यात लेथ. मी विटेचे तुकडे उचलून शेडच्या पत्र्यावर फेकले. दादाने मान वर न करता डावा हात हवेत झटकला. माकडं आली असतील असं वाटलं असावं त्याला. भिंतीवर चढायला गेलो तर वर काचा रोवलेल्या. मला इतका संताप आला की मी फाटकाला लाथा घालत सुटलो. भावावर, त्या डॉक्टरावर, सगळ्या ट्रॅक्टरांच्या सात पिढ्यांवर.

वहिनी ओरडत नव्हती. ती जमिनीवर पालथी झोपली होती.

गॅसची नळकांडी ज्योतीपासून लांब ठेवायची म्हणून ती फाटकाच्या आत, उजव्या खांबाला साखळीने बांधलेली असतात. तिथून दोन लांब नळ्या जमिनीवरून शेडपर्यंत जातात. निळी ऑक्सिजनची, लाल गॅसची. नळकांड्यांच्या चाव्यांपर्यंत हात पोचणं शक्य नव्हतं. तिने फाटकाच्या खालच्या फटीतून हात आत घातला. कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत, मग खांदा पत्र्याच्या धारेत दाबून. गाल मातीला टेकलेला. बोटं लाल नळीपासून थोडी कमी पडत होती.

"मला ढकल," ती म्हणाली.

"काय?"

"पाठीवर पाय दे आणि ढकल!"

मी माझ्या वहिनीच्या पाठीवर पाय दिला. पत्र्याने तिचा खांदा फाडला, ते मला दिसत होतं, आणि मी ढकलत राहिलो. तिच्या नखांनी नळी पकडली, ओढली, मुठीत घेतली आणि दुमडून गच्च आवळली.

आत फट् असा आवाज झाला. माझे डोळे आपोआप मिटले.

उघडले तेव्हा दादा तसाच वाकून उभा होता. ज्योत गेली होती. त्याने चष्मा वर केला, कटरचं तोंड न्याहाळलं, दोनदा मांडीवर आपटलं. आणि खिशातून लायटर काढून चक् चक् करू लागला. गॅस अडकला असेल, येईल आता, असा त्याचा हिशोब. वहिनीच्या मुठीत नळी अजून दुमडलेली होती. ती सुटली असती तर ज्योत तिथेच, पेटीच्या तोंडावर लागली असती.

तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे. लहानपणी दादा जाडा होता आणि सगळी गल्ली त्याला एका नावाने चिडवायची. त्या नावावरून त्याने अनेकांना बदडलं आहे, मला तर नेहमीच. गेली कित्येक वर्षं ते नाव कुणाच्या तोंडून निघालेलं नव्हतं. मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून ओरडलो, "ए ढोल्याऽऽ!"

कटरचा आवाज आता नव्हता. दादाची मान गर्रकन वळली.

तो तरातरा फाटकाकडे आला तो मला मारायलाच. "अकला गहाण टाकल्या का तुझ्या? वय काय, बोलतोस काय—" आणि मग त्याला फाटकाखालून आत आलेला हात दिसला. नळीभोवती आवळलेली बोटं दिसली.

"आधी दोन्ही बंद करा," जमिनीवरून वहिनीचा आवाज आला.

"अगं, झालं काय पण? रक्त येतंय तुला—"

"बंद करा म्हणते ना!"

संसारात पहिल्यांदा ती त्याच्यावर ओरडली होती. त्याने चुपचाप दोन्ही चाव्या फिरवल्या. तरी तिने मूठ सोडली नाही. मी "बंद झालं वहिनी, बंद झालं" असं कितीदा म्हणालो. शेवटी दादानेच बसून तिची बोटं एकेक करून उघडली.

मी फोन केला आणि अग्निशमनवाले आले. त्यांच्या साहेबाने आधी आम्हा सगळ्यांना गल्लीच्या टोकाला पिटाळलं, लेथ बंद करायला लावली, आणि पेटीवर पाणी सोडलं. बराच वेळ पाणीच सोडत राहिले. मग लाकडी पाचरी ठोकून आतलं लाकूड सुटं केलं. लाकडाची फळी आणि बाहेरचा पत्रा यांच्या मध्ये काळा-राखाडी थर साचला होता, जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखा. फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षं झिरपलेली बारीक पूड. साहेबाने नखाएवढा एक पोपडा काढून मोकळ्या जागी विटेवर वाळवला आणि लांब काठीला पेटता काकडा बांधून टेकवला.

सुर्रकन पांढरा जाळ झाला आणि वीट काळी पडली.

"सुरुंगाची दारू," साहेब म्हणाले. "कोरडी राहिली तर हिला वय नसतं. पेटीत हे एवढं. शेड राहिली नसती." मग दादाकडे पाहून म्हणाले, "शेडचं सोडा."

दादा पुढे जाऊन पेटीचं झाकण बघून आला. पट्टीवरचं तांबं वितळून त्याचे थेंब झाकणावर गोठले होते. कडेचं कातडं एका जागी जळून आक्रसलं होतं. त्या कातड्याच्या पलीकडे फळीची फट. तो परत आला आणि वर्कशॉपच्या पायरीवर बसला. त्याने पाणी मागितलं आणि हातात घेऊन प्यायलाच विसरला.

डॉक्टर संध्याकाळी आले ते पांढरेफटक पडले. नदीच्या पलीकडे दगडखाणींसाठी सुरुंगाची दारू बनवणारा एक कारखाना होता, त्यांच्या लहानपणीच बंद पडला, एवढं त्यांना आठवत होतं. तिथे जमिनीवर सांडलेली पूड रोज झाडून गोळा करायचे आणि लांबच्या माळावर नेऊन जाळायचे. ती नेणारं वाहन आपल्यासमोर उभं आहे, हे त्यांना आता उमगलं. ट्रॅक्टरला त्यांनी एक प्रदक्षिणा घातली. एकेक गोष्ट आता स्वतःहून बोलत होती. मी त्या सीटकडे बघत होतो. पेटी पुढे, सीट मागे, मध्ये चालतं इंजिन. कुणीतरी माणूस रोज सकाळी डबा घेऊन यायचा, ह्या सीटवर बसायचा, आणि ती पेटी डोळ्यांसमोर धरून माळापर्यंत जायचा. संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोने विचारलं तर काय सांगत असेल, ट्रॅक्टर चालवला म्हणून? त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. पण तो ट्रॅक्टर इतका जपून पुसणारा तोच असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

"चूक माझी," डॉक्टर म्हणत होते. "मीच म्हणालो, उपटा. मी एका शब्दानेही—"

"नाही," वहिनी म्हणाली. तिच्या खांद्याला पट्टी बांधली होती. "गोल मी काढला. मला उत्तर आवडलं आणि मी पुढचं बघितलं नाही."

मग ती दादाकडे वळली. तिला त्याच्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. शिवी चालली असती, मला वाटतं. दादाच्या हातात अजून तो भरलेला ग्लास होता.

"मी झाकण उघडलं होतं," तो म्हणाला. "सुरू करायच्या आधी. फळ्यांच्या फटी काळ्या दिसत होत्या. एकदा मनात आलं, सळी घालून बघावं." त्याने ग्लास खाली ठेवला. "पण गोल तुझा होता. मग कशाला बघायचं?"

वहिनीचा चेहरा मी त्या वेळी पाहिला नसता तर बरं झालं असतं.

ट्रॅक्टर डॉक्टरांनी नेला. धुऊन, पेटी रिकामी करून, पण बाकी होता तसा, हुकांसकट, कातड्यासकट, साखळीसकट. आता तो कारखान्यातून निघाला तसा त्यांना नको होता.

वहिनीने मात्र आवारात येणं सोडलं. खडू आईच्या औषधांच्या डब्यात पडून होता. "दुसरा कुणी बघा," एवढंच ती म्हणायची. दुसरा कोण बघणार? दादा कटर पुसून ठेवायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा ठेवायचा. आवारात टाक्या साचत गेल्या. जेवताना दोघं एकमेकांशी इतकं नम्रपणे बोलायची की मला ताट उचलून फेकून द्यावंसं वाटायचं. शेवटी मीच एकदा तिच्यावर भडकलो. "एकदा चुकलीस म्हणून घरी बसलीस, आणि तू कधी चुकली नाहीस म्हणून तो इतकी वर्षं डोळे मिटून बसला! दोघांनी मिळून मला वेड लावायचं ठरवलंय का?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती आवारात आली.

एका लॉन्ड्रीतून आलेली पाण्याची मोठी टाकी होती. वहिनी तिच्यासमोर बसली. हुंगलं, खरवडलं, आत हात घालून सांधे चाचपले, ठोकून ऐकलं. पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. मग खडू काढला आणि गोल काढला. गोल वेडावाकडा आला.

दादाने चष्मा खाली ओढला. वहिनी जागची हलली नाही.

"सरक ना," दादा म्हणाला.

"नाही."

"ठिणग्या उडतील अंगावर."

"उडू देत."

"अगं, हे काय आता? गोल काढलास ना?"

"काढलाय," ती म्हणाली. "म्हणूनच उभी आहे. कापा तुम्ही."

ती टाकीला जवळजवळ खेटून उभी होती, हाताची घडी घालून. दादाने लायटर उचलला. अंगठा चाकावर ठेवला. मी पलीकडे कप्पीची साखळी धरून उभा होतो. दादा तिच्याकडे बघत राहिला, मग टाकीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

मग त्याने लायटर खिशात टाकला. चष्मा काढला, कटर खाली ठेवला, आणि टाकीच्या तोंडाशी गुडघे टेकून बसला. आत डोकं घालून हुंगलं. सळी मागितली, मी दिली. त्याने तळ खरवडला, सांध्यांत सळी घातली, निघालेला गाळ बोटांवर चोळून उजेडात धरला. इतक्या वर्षांत स्वतःच्या जिवासाठी तो कधी असा वाकला नव्हता.

"पाणीच आहे," तो म्हणाला.

"मी तेच सांगितलं," वहिनी म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "पण तू उभी आहेस ना इथे."